जीप काढायची आहे

जव्हारच्या बाजारात कोणालाही विचारा, "ज्यांची जीप विकायची आहे ते काका कुठे राहतात?" तो घर दाखवतो आणि वर सांगतो, "बघून या हवं तर, पण मिळायची नाही." असे काका मोखाड्यातही आहेत, विक्रमगडला आहेत, त्र्यंबकला तर आळीगणिक एक निघेल. शर्टाच्या खिशात टायरची हवा मोजायचं मीटर, चपलेला चिखल नाही आणि दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकूनच "सायलेन्सरची पॅकिंग गेली याची" असं पुटपुटायची सवय. अशा माणसाने गाडी नीट ठेवली नाही तरच नवल. नीट ठेवलेली गाडी विकायची कशी, एवढंच त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आपल्या काकांची जीप १९९१ ची. महिंद्रा एमएम ५४०, पेजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, फोर बाय फोरचा वेगळा लिव्हर, मागे समोरासमोर दोन बाक, वर कॅनव्हासचं हूड. नंबर एमएच ०४. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, आणि इकडच्या नव्या गाड्यांवर आता ४८ आकडा दिसतो. काका मात्र "ठाणे पासिंग" हे शब्द असे उच्चारतात, की जीप एखाद्या सरदार घराण्यातून दत्तक आलेली वाटावी.

जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. या हवेत लोखंडाचं काही खरं नसतं. दाराच्या खालच्या कडेला आधी फुगवटे येतात, मग रंगाचे पापुद्रे सुटतात आणि एक दिवस बोट आरपार जातं. म्हणून मे महिना संपायच्या आत काका जीपखाली पोतं अंथरून उताणे शिरतात. हातात इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल आणि दाढीचा जुना ब्रश. चॅसिसचा एकेक सांधा, पाट्यांच्या फटी, ब्रेकच्या नळ्यांचे क्लिप, सगळीकडे तो ब्रश फिरतो. गॅरेजवाल्याला हे काम द्यायचं नाही, कारण "तो वरवर मारतो". बाहेर फक्त दोन पाय दिसत असतात. पोस्टमनही आता हाक मारत नाही. पत्र पायांशी ठेवतो आणि जातो.

शिवाय वह्या आहेत. जीप आली त्या दिवसापासून भरलेलं प्रत्येक लिटर डिझेल, बदललेलं प्रत्येक फिल्टर, प्रत्येक पंक्चर त्यांत तारखेनिशी उतरलेलं आहे. थोरल्या मुलाच्या जन्माची नोंदही सापडते: "नाशिक. मुलगा. परतताना क्लच किंचित जड." काकूंनी हे पान कधीतरी वाचलं, आणि त्यावर गेली कित्येक वर्षं त्या अधूनमधून बोलत असतात.

इतकी जपलेली गाडी काढायची कशाला? घरच्यांसाठी. मुलगा नाशिकला नोकरीला, सूनबाई, दोन नातवंडं, काका-काकू आणि काकांच्या वयोवृद्ध आई. सगळे मिळून कुठे जायचं म्हटलं तर जीपच. मागच्या बाकांवर बसलेल्यांना तोरंगणच्या घाटात एकमेकांच्या मांडीवर जावं लागतं. पावसात हुडाच्या बाजूच्या पडद्यांतून पाणी शिरतं. आजींना चढवायला स्टूल लागतं, आणि ते स्टूल नेहमी मुक्कामाच्या ठिकाणी राहून जातं. एका श्रावणात त्र्यंबकला उतरल्यावर सूनबाईंनी साडीचा पदर पिळला, मुलाकडे नुसतं पाहिलं, आणि बोलेरोचा विषय त्याच क्षणी मंजूर झाला.

काकांनी विरोध केला नाही असं नाही. त्यांचा पहिला मुद्दा इतिहासाचा होता. जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेले, फ्लाइट लेफ्टनंट झाले. तेव्हा यंत्राची कदर जव्हारच्या मातीतच आहे, असं काकांचं म्हणणं. त्यांचे वडील संस्थानच्या मोटारींकडे होते असंही ते सांगतात. नेमक्या कोणत्या मोटारीकडे, असं विचारलं की ते आत चहा सांगायला जातात. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, मोटारी कुठे गेल्या कोणास ठाऊक. पण जीपची जातकुळी काकांना पाठ आहे. मूळची अमेरिकेची विलीज, युद्धासाठी बनलेली. महिंद्रांनी १९४७ मध्ये ती आपल्याकडे जोडायला घेतली. "म्हणजे बघा, राजेसाहेब आणि जीप एकाच लढाईत होते," असा काकांचा निष्कर्ष. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुसरा मुद्दा टाटांचा. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचं छोटंसं पस मॉथ विमान जुहूला उतरवलं. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, त्याच काळातल्या लेपर्ड मॉथमधून ते पुन्हा तीच वाट उडाले. वय अठ्ठ्याहत्तर.

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाटांना जुनं मशीन चालतं," काका म्हणाले, "आणि आपल्याला नको?"

"टाटा एकटे गेले होते," काकू म्हणाल्या. "मागे सासूबाई, दोन नातवंडं आणि लोणच्याची बरणी नव्हती."

हा तंटा फक्त जव्हारचा नाही. अमेरिकेत याच स्वभावाच्या माणसाकडे जीपऐवजी विमान असतं. १९४६ ते १९५१ या काळात निघालेलं सेस्ना १४० हे दोनच आसनांचं विमान, नवराबायकोला पुरेसं. पहिलं मूल झालं की बाई काही बोलत नाहीत, दुसरं झालं की बोलतात. मग तो गृहस्थ चार आसनी सेस्ना १७२ नाहीतर सहा आसनी पायपर चेरोकी सिक्सची चौकशी करू लागतो आणि जुन्याची जाहिरात देतो. तिथेही वह्या असतात, आणि त्या ठेवणं कायद्यानेच भाग असतं: इंजिन किती तास चाललं, शेवटचं पूर्ण खोलून जोडल्यावर किती तास झाले, दर वर्षीची तपासणी कधी झाली. विमान सदैव छपराखाली ठेवलेलं असतं, आणि विकायचं कारण म्हणून कुटुंबाकडे बोट दाखवलेलं असतं. बायकापोरांवर ढकलल्याशिवाय अशा माणसाच्या तोंडून "विकणे" हा शब्द निघत नाही, मग तो टेक्सासचा असो की जव्हारचा.

जीप विकायची ठरली आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. आधी आला तो मुंबईचा तरुण, महागडे बूट घालून. त्याने जीपभोवती फेरी मारली आणि हातवारे सुरू केले. हूड काढून टाकू, पुढे विंच, हे एवढाले टायर, वरून मॅट ब्लॅक. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि किंमत जागच्या जागी पन्नास हजारांनी वाढवली. तरुणाला तीही कबूल होती. तेव्हा काकांना आठवलं की आरसी बुक मुलाकडे नाशिकला आहे.

मग आले रिसॉर्टवाले. त्यांना जीप हिरवळीवर उभी करायची होती, लग्नाआधीच्या फोटोंसाठी. "इंजिन वाटल्यास तुम्हीच काढून घ्या, आम्हाला काय करायचंय!" हे त्यांनी उदारपणे सांगितलं. त्या रात्री काका जेवले नाहीत. त्यामानाने भंगारवाल्याचा त्यांना राग आला नाही. त्याने वजनाचा अंदाज सांगितला, दर सांगितला आणि पाणी पिऊन गेला. निगेला बाजारात दर नाही ही गोष्ट त्या व्यवहारात निदान उघड होती. बाकीचे तीच गोष्ट गोड बोलून सांगत होते. दाढीच्या ब्रशाचे, वह्यांचे, पोत्यावर घातलेल्या मे महिन्यांचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत? आणि काकांनी ते का सोडावेत? दोन्ही बाजू बरोबर असल्यामुळे सौदा होत नव्हता.

येणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा असे. सकाळच्या गारठ्यात काका किल्ली त्याच्या हातात देत आणि बाजूला उभे राहत. या इंजिनाला आधी हीटर द्यावा लागतो, किल्ली थोडी फिरवून धरून ठेवायची, मग सेल्फ मारायचा. ज्याने थेट सेल्फ मारला तो नापास. ज्याने हीटर दिला पण मनात दहा आकडे मोजले नाहीत, तोही नापास, फक्त त्याला चहा मिळे. जीप एका दमात सुरू झाली की काका इंजिनाकडे न बघता गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत. तिथे पुरेसा आदर दिसला नाही तर "विचार करून कळवतो" असं विकणाराच म्हणे.

मध्यंतरी कोणीतरी डोक्यात भरवलं की ही जीप विंटेज आहे, मोठ्या लिलावात घाला, लाखो येतील. काका वसईच्या एजंटाकडे गेले. त्याने २०२१ चा केंद्राचा नियम काढून दाखवला: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झाली पाहिजेत, मूळ रचनेत फार फेरफार नको, मग नंबरात "व्हीए" अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार. वरून ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. काकांनी बोटांवर हिशेब केला. त्यांची जीप २०४१ मध्ये विंटेज होणार होती. तोवर ती नुसती जुनी; आणि जुन्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलेलं. हरित कर वेगळा. एजंट म्हणाला, "काका, देऊन टाका." काकांनी त्याचा चहा नाकारला.

शेवटी जीप गेली ती खोडाळ्याकडच्या एका शेतकऱ्याला. अलीकडे या तालुक्यांतून मोगऱ्याची लागवड वाढली आहे. कळ्या पहाटे खुडायच्या आणि उमलायच्या आत बाजाराकडे धाडायच्या. पावसाळ्यात शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत पोचायलाच फोर बाय फोर लागते. तो गृहस्थ आला, रामराम केला, किंमत विचारली नाही, बोनेट उघडायला सांगितलं नाही. तिथलंच पोतं ओढलं आणि जीपखाली शिरला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "काका, ब्रश मारलाय व्हय सगळीकडं?"

काकांनी मुंबईवाल्याने कबूल केलेल्या किमतीपेक्षा लाखभर कमी घेतले. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. वह्या ओटीवर ठेवून, वर एक नारळ देऊन त्यांनी जीप निरोपाला उभी केली. हे काकूंना जास्तच वाटलं, पण नारळ घरचाच होता.

बोलेरो आली. सात जण, सगळे कोरडे. एसी लागतो, आजी स्टुलाविना चढतात. काकांनी तिलाही वही घातली आहे. पहिल्या पानावर "सूनबाईंना पसंत" एवढंच लिहिलंय. कुटुंबाचे प्रवास जोरात सुरू झाले. फक्त प्रत्येक प्रवासाचा रस्ता खोडाळ्यावरून जातो. शिर्डीला जाताना ते एक वेळ समजण्यासारखं आहे, घोटीमार्गे जाता येतं. त्र्यंबकला जाताना खोडाळा वाकडी वाट. पण जवळच देवबांधचा गणपती आहे आणि गणपतीला आडवं कोण जाणार? चैत्रात डहाणूजवळच्या विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला निघाले, म्हणजे सरळ पश्चिमेला. काकांनी गाडी पूर्वेला वळवली. नातवाने विचारलं, तेव्हा म्हणाले, "आधी गणपती, मग देवी."

खोडाळ्याला उतरल्यावर काका आधी शेडकडे जातात. हात खिशात, सहज आल्यासारखे. टायरला मीटर लावतात, डिपस्टिक ओढून बोटाला ऑइल चोळतात, पाटे वाकून बघतात. एकदा मागच्या बाकावर मोगऱ्याच्या कळ्या पडलेल्या सापडल्या तर त्यांनी त्या वेचून शेतकऱ्याच्या हातात दिल्या. एकदा म्हणाले, "हीटर नीट देतोस ना? आवाज बदललाय." शेतकरी भला माणूस, पहिल्या दोन-तीन खेपांना त्याने सगळ्यांना जेवायला ठेवून घेतलं. मग एका संध्याकाळी त्याने काकूंना फोन केला. "मावशी, जीप परत न्या पाहिजे तर, त्याच किमतीत. माझी ना नाही."

"अजिबात नको," काकू म्हणाल्या. "ती तुमच्याकडे आहे म्हणून आम्हाला हे कुठेतरी घेऊन तरी जातात."

आता खोडाळ्याच्या वळणावर पांढरी बोलेरो दिसली की तिथल्या वहिनी सात कप चहाचं आधण ठेवतात, आणि जीपमालक किल्ली शेडमधल्या खिळ्याला अडकवून मागच्या दाराने मळ्याकडे निघतो.