नाक्यापुरता बेल्ट

हे काका तुम्हाला ठाऊक आहेत. डोंबिवलीहून ठाण्याला निघाले की माणकोलीच्या पुलावर ते मोकळ्या छातीने गाडी चालवत असतात. नाका दिसू लागला की उजव्या खांद्यामागचा पट्टा ओढून छातीवर घेतात आणि नाका मागे पडला की सोडून देतात. गाडी एमएच ०५, रंग चंदेरी, मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव. वय साठीच्या पुढे, बँकेतून नाहीतर मंत्रालयातून निवृत्त. जन्मात विनातिकीट प्रवास केलेला नाही. मालमत्ता कर मुदतीच्या आत भरून सवलत घेणार, सोसायटीच्या सभेत उपविधी क्रमांकासकट ऐकवणार. कायद्याला इतका धरून चालणारा हा गृहस्थ सीट बेल्टच्या बाबतीत मात्र भूगोलाला धरून चालतो.

तो भूगोल त्यांना तोंडपाठ आहे. मोठागावहून पूल उतरेपर्यंत बेल्ट नाही. माणकोली नाक्याला, नाशिक हायवेला लागताना, बेल्ट. खारेगाव ते साकेत पूल पुन्हा मोकळीक, कारण “तिथे ट्रॅफिक मामा उभा राहणार कुठे?” माजिवड्याला बेल्ट. पुढे कॅडबरी, नितीन कंपनी, तीन हात नाका हे सिग्नल इतके लागोपाठ येतात की काढघाल परवडत नाही. तेव्हा तेवढ्या पट्ट्यात काका आदर्श नागरिक असतात. कल्याणकडे जायचं तर पत्रीपुलाला बेल्ट, दुर्गाडीला बेल्ट, मधे सुट्टी. याला वेळेचंही पोटकलम आहे. दुपारी दोन ते चार मामा सावली धरतात, आणि पाऊस आला की मेट्रोच्या खांबांआड जातात. त्या काळात ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या संपूर्ण हद्दीत काकांनी स्वतःला सूट जाहीर केलेली असते.

शेजारी काकू असतात. गाडीच्या बेल्टच्या कटकटीची बायकोशी तुलना करायचा विनोद फार झिजलेला आहे, आणि इथे तो लागूही पडत नाही. काकू कटकट करत नाहीत. बसल्याबसल्या त्या आपला बेल्ट लावतात, त्यावरून पदर सारखा करतात आणि पर्स मांडीवर घेऊन रस्ता न्याहाळतात. वाटेत त्या दोनच शब्द बोलतात. “अहो, मामा.”

एकदा मीही गाडीत असताना माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली मामा नेहमीच्या जागी नव्हते. ते वळणावरच्या बॅरिकेडला टेकून उभे होते, आणि दिसले तेव्हा गाडी त्यांच्यापासून चार हातांवर होती. काकांनी पट्टा हिसडला. पट्टा अडकला. आणखी जोरात हिसडला, आणखी घट्ट अडकला. आत गुंडाळी फिरवणारी रीळ असते, ती हळू ओढलं की मुकाट सुटत जाते आणि झटका बसला की जागच्या जागी दात धरते. काकांनी अखेर हाती आला तेवढा वीतभर पट्टा गळ्याशी धरला, कोपर पोटावर दाबलं आणि मामांकडे पाहून ओळखीचं हसले. मामा एका रिक्षावाल्याचं लायसन्स पाहत होते. त्यांचं लक्षही नव्हतं.

पुढे गेल्यावर काका मला म्हणाले, “बघितलंस? ऐन वेळेला अडकतो. उद्या खरोखर अपघात झाला तर हा असाच अडकायचा!”

“काका, त्याच वेळी अडकावा म्हणून तर बसवलाय.”

“मग मी काय वेगळं म्हणतोय?”

काकांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं होईल. गॅसचा कॉक रात्री दोनदा बघितल्याशिवाय ते झोपत नाहीत. त्यांची खरी अडचण रेल्वेने करून ठेवली आहे. नोकरीची तीस-पस्तीस वर्षं सकाळची फास्ट लोकल त्यांनी दारात काढली. एका हाताची चार बोटं वरच्या दांड्याला, अर्धं पाऊल आत, अर्धं बाहेर, पाठीवर कुणाची तरी बॅग, आणि पारसिकच्या बोगद्यात शिरताना खांदा आत घेण्याची सवय. एवढं करून संध्याकाळी चहाला घरी. त्या माणसाला एसी लावलेल्या गाडीत, गादीवर, चारी दारं बंद असताना सांगायचं की तुम्ही धोक्यात आहात, तर त्याला तो आपल्या सेवेचा अपमान वाटतो. “आम्हाला कुणी बांधलं नव्हतं,” असं ते म्हणतात. जे दारातून पडले ते हे वाक्य म्हणायला उरले नाहीत, ही गोष्ट त्यांना कळत नाही असं नाही. पण ती शीळफाट्यावर आठवत नाही.

जुनी गाडी होती तोवर सगळं सुरळीत होतं. ती गाडी अबोल होती. तिचा बेल्ट दाराशेजारी लोंबून लोंबून धुळीने करडा झाला होता. मग काकांनी नवी गाडी घेतली, आणि १ जुलै २०१९पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला चालकासाठी आणि शेजारच्या सीटसाठी बेल्टची आठवण देणारी घंटी सक्तीची झालेली. डॅशबोर्डवर पट्टा बांधलेल्या माणसाचं लाल चित्र लागतं आणि टुंग, टुंग, टुंग. काकांनी आधी रेडिओ मोठा केला. मग गाडीच भांडायला लागली असं वाटून सर्व्हिस सेंटरला फोन केला की “आवाज येतोय.” तिकडच्या मुलाने विचारलं, “इंजिनमधून का सर?” काका म्हणाले, “नाही, कायद्यातून.”

शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो, हे त्यांना मंडईतून येताना कळलं. कोबीचे दोन गड्डे, नारळ आणि पाच किलो कांदा यांना गाडीने प्रवासी ठरवलं. काकांनी वाद न घालता पिशवीला बेल्ट लावला. आंब्याच्या दिवसांत पेटीला लावला. “रस्त्याला खड्डे आहेत, हापूस आपटतो,” असं कारणही दिलं, आणि ते अगदी बरोबर होतं. हापूस आपटतो.

स्वतःसाठी त्यांनी नुसतं बकल आणलं. सीट कव्हर शिवून देणाऱ्या दुकानदारानेच ते ‘वर फुकट’ म्हणून हातात ठेवलं. पट्टा नसलेली लोखंडी जीभ; खाचेत खुपसली की गाडीला वाटतं, माणूस बांधला. ही चीज इतकी खपत होती की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना ती काढायला लावली आणि १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. काही विक्रेते तर हीच क्लिप बाटली उघडायची चावी नाहीतर सिगारेटचा लायटर म्हणून विकत होते. त्याच सरकारी पत्रकात २०२१ साली बेल्ट न लावल्यामुळे देशात १६,३९७ माणसं गेल्याचा आकडा होता. काकांनी पेपरमधली ती बातमी पूर्ण वाचली, आकड्यावर हळहळले, आणि म्हणाले, “बाटली उघडते का खरंच?”

मुलाने ते बकल फेकून दिलं. आता काका बेल्ट सीटच्या पाठीला घालून कायमचा लावून ठेवतात आणि त्याच्यापुढे बसतात. बकल पाठीत रुततं, तासाभराने कंबर धरते. पुढून लावला तर टोचणार नाही, हे त्यांना मान्य आहे. “पण मग तो लावल्यासारखा होतो.” आणि मामा दिसले की मागचं बकल सोडवून पुढे आणायचं, म्हणजे आता दुप्पट काम. बेल्ट न लावण्यासाठी हा माणूस दिवसाकाठी जेवढे कष्ट घेतो, तेवढ्यात आख्खं कुटुंब बांधून झालं असतं.

यात डोंबिवलीची बदनामी नको; असे काका जगभर आहेत. १९५९ साली व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी आजचा तीन ठिकाणी धरणारा पट्टा बनवला. हे गृहस्थ आधी विमानातून पायलटला बाहेर उडवणाऱ्या सीटवर काम करत होते, मग माणसाला आत धरून ठेवायच्या कामाला लागले. कंपनीने ते पेटंट सगळ्यांना खुलं केलं. त्यानंतर अमेरिकेने १९७४च्या मॉडेलांत अशी व्यवस्था बसवली की बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. लोक इतके चिडले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा करून ती सक्ती काढावी लागली, आणि घंटी आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजवायची नाही असंही त्यात घातलं गेलं. हे मी काकांना सांगितलं ही चूक नव्हे, पण परिणाम वेगळा झाला. ते अमेरिकेवर पहिल्यांदाच खूश झाले. “आठ सेकंद! याला म्हणतात लोकशाही.”

आमच्या सोसायटीत एक इंजिनिअर राहतो. त्याने काकांना हिशेबात पकडायचं ठरवलं. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी आपटली तर बिनबेल्टच्या माणसाला बसणारा दणका सुमारे दहा मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो, असं त्याने कागदावर काढून दाखवलं. “काका, तिसऱ्या मजल्यावरून उडी.”

“आणि तीसच्या वेगाने?”

“साडेतीन मीटर. पहिला मजला.”

“शीळफाट्याला तीस लागतो का कधी? दहाने काढ.”

त्याने काढलं. सुमारे चाळीस सेंटिमीटर.

“म्हणजे स्टुलावरून,” काका उठत म्हणाले. “स्टुलावर चढताना बेल्ट लावतोस?”

शीळफाट्याच्या गर्दीत हे बिनतोड आहे. पण गर्दी संध्याकाळची असते. घोडबंदर रोडला लेकीकडे जेवून काका रात्री अकराला परत निघतात तेव्हा साकेतचा पूल मोकळा असतो, नाशिक हायवे मोकळा असतो, एकही मामा नसतो आणि म्हणून बेल्टही नसतो. तेव्हा गाडी दुसरीच घंटी वाजवते. ताशी ऐंशी ओलांडलं की वाजणारी. काका काकूंना म्हणतात, “बघ, आता काय झालं हिला.” नाक्यांवर आखलेल्या भूगोलाचं हे वैगुण्य आहे. जिथे पावती फाटते तिथे गाडी उभीच असते, आणि जिथे माणूस फाटेल तिथे कुणी बघायला नसतं.

मागच्या सीटचं प्रकरण तर काकांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मागच्यांनीही बेल्ट लावावा असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, आणि कलम १९४ बमध्ये बिनबेल्टच्या प्रवाशांसाठीही एक हजाराचा दंड चालकाच्या नावाने लिहिलाय. पण मागची बकलं नव्या सीट कव्हरखाली पहिल्याच दिवशी गडप झाली होती. ४ सप्टेंबर २०२२ला, रविवारी, उदवाड्याहून मुंबईला येताना उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर धडकली. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. चारोटीचा पालघर जिल्हा २०१४पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आणि चारोटीवरूनच काका दरवर्षी डहाणूच्या महालक्ष्मीला जातात. तो पूल त्यांच्या डोळ्यांसमोर आला. सोमवारी सकाळी ते पार्किंगमध्ये मागच्या सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून बसलेले दिसले. शेजारच्या तीन गाड्यांचे मालकही तेच करत होते. काकांच्या उत्खननात एक पाच रुपयांचं नाणं, लेकीच्या लग्नातली अक्षता, अंगाऱ्याची पुडी, नातवाचं अर्धं चघळलेलं चॉकलेट आणि सरतेशेवटी दोन बकलं निघाली. नवरात्रापर्यंत मागे बसणाऱ्याला बेल्ट लावल्याखेरीज गाडी हलत नव्हती. दिवाळीपहाटेला फडके रोडला जायचं म्हणून सीट कव्हर धुऊन पुन्हा चढवलं, आणि बकलं पुन्हा समाधीत गेली.

यंदाच्या गणपतीत काकांचं आणि ई-चलनाचं अखेर जमलं. कारखान्यातून मूर्ती आणताना दरवर्षी ती मागे काकूंच्या मांडीवर असते. या वेळी काकूंचा गुडघा धरला होता म्हणून पुढच्या सीटवर पाट, पाटावर शाडूची दीड फुटी मूर्ती, तोंडावर रुमाल. काकांनी गाडी सुरू केली आणि घंटी वाजली. गाडीने बाप्पाला प्रवासी मानलं होतं. काकांना गहिवरून आलं. ते उतरले, वळसा घालून पलीकडे गेले, पट्टा अगदी हळू, न अडकता, ओढून घेतला, सोंडेला लागू नये म्हणून उपरण्याची घडी मधे ठेवली, बकल लावलं, ओढून बघितलं. मग येऊन आपल्या पाठीमागच्या बेल्टपुढे बसले. सणाचा दिवस, मामा बंदोबस्तात असणार, हा अंदाज होता. बंदोबस्त वाटेतच होता.

दुपारी आरती चालू असताना फोनवर मेसेज आला. काकांनी प्रसाद वाटून झाल्यावर तो उघडला. चलनाबरोबर फोटो असतोच. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं: उजवीकडे पट्टा बांधून ताठ बसलेले बाप्पा, डावीकडे टाळ्या वाजवत गाडी चालवणारे काका. त्यांनी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. “मूर्तीचा फोटो यंदा फार सुरेख आलाय,” असं खाली लिहिलं. लेकीने विचारलं, “बाबा, दंड भरला का?”

काकांचं उत्तर आलं, “लोकअदालत लागली की बघू.”