पायलट बुशमीमांसा

ग्रंथ लिहायला घेतला की अधिकारी, विषय, प्रयोजन आणि संबंध हे चार अनुबंध आधी सांगावेत, असा शास्त्राचा दंडक आहे. ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन मॅन्युअल टेम्पोत बसवावं काय, यावर बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या गॅरेजात चहाचे ग्लास रिकामे होतात. पण चार अनुबंधांनिशी कुणी लिहिलेलं आमच्या पाहण्यात नाही. ती उणीव इथे भरून काढतो.

अधिकारी. मल्लेश्वरमच्या गोष्टीत मराठी माणसाने नाक का खुपसावं? इथल्या काडु मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. हेच व्यंकोजी पुढे तंजावरला गेले. तमिळ चासीवर त्यांनी बसवलेलं मराठी इंजिन १८५५ पर्यंत चाललं. एवढा अधिकार पुरे.

विषय. परक्या गाडीचं इंजिन बसवणं आपल्याला नवं नाही. बजाज टेम्पोचं मर्सिडीज कुळातलं डिझेल इंजिन अॅम्बेसेडरमध्ये नांदलं, टोयोटाचं '२सी' जीपमध्ये. इथे मात्र फक्त टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनाचा विचार आहे. २०१४ च्या सेलेरियोपासून घरोघरी पोचलेली एएमटी कक्षेबाहेर ठेवली आहे. तिच्यात क्लच नेहमीचा, गिअरबॉक्स नेहमीचा. दाबण्या-बदलण्याचं काम तेवढं यंत्र करतं. तिचा समावेश केल्यास वादच उरत नाही, आणि वाद नसलेलं शास्त्र कोण वाचणार?

प्रयोजन. पैसे वाचवणं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला की दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक गाडीच भंगारात काढतो आणि धडधाकट इंजिन पडत्या भावात मिळतं.

संबंध. खरा शास्त्रार्थ इथे आहे. टॉर्क कन्व्हर्टर द्वैती: इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, मध्ये तेल. शक्ती तेलातून पलीकडे जाते, पण स्पर्श नाही. क्लच अद्वैती: पाय उचलला की प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि भेद मिटतो, पाय दाबला की पुन्हा माया. वेग घेतल्यावर आतून लॉक होणारे कन्व्हर्टर विशिष्टाद्वैतात घालावेत. माध्व, स्मार्त आणि अय्यंगार जिथे पिढ्यानपिढ्या शेजारी राहतात, त्या मल्लेश्वरमात याचा अधिक खुलासा नको.

द्वैतात वाढलेल्या इंजिनाला मात्र अद्वैताचा संसार मांडता येत नाही. त्याच्या पाठीला जड फ्लायव्हील नसतं, पत्र्यासारखी पातळ प्लेट असते, कारण वजनाचं काम तेलाने भरलेला कन्व्हर्टर करत होता. म्हणून मॅन्युअल इंजिनाचं फ्लायव्हील आणावं लागतं. ते जाड, त्यामुळे बोल्टही लांब हवेत. पातळ प्लेटचे आखूड बोल्ट वापरणारा मिस्त्री टाळावा. आणि शेवटी बुश. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या पाठीतल्या पायलट बुशात टेकलेलं असतं. ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये बऱ्याचदा हा बुश नसतो. कधी त्याचं भोकही मापात कातलेलं नसतं.

बेळगावकडच्या एका मिस्त्रीने गनमेटलचा बुश शाफ्टच्या टोकावर चढवला, दोन बोटांनी हलवला आणि म्हणाला, "साहेब, एवढं धूड उचलून आणलासा, आणि अडलंय बघा ह्यावर." बुश किंचित डुलत होता. तसाच बसवला तर शाफ्ट थरथरतो, क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना दात वाजतात आणि गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं. मिस्त्रीने माप घेऊन पोऱ्याला लेथवाल्याकडे पिटाळलं.

इथे एक उपप्रश्न. जुना बुश काढायला भोकात ग्रीस भरून मापाचा दांडा ठोकतात. ग्रीसला पळायला वाट नसते, म्हणून ते मागून रेटून बुशाला बाहेर काढतं. ग्रीस नसल्यास ओला पाव. पावाऐवजी इडली चालेल काय? पूर्वपक्ष म्हणतो: इडली ओली, मऊ आणि वीणा स्टोअर्समध्ये सकाळीच ताजी मिळते. उत्तरपक्ष: पाव दाबाखाली चिवट गोळा होतो, इडलीचा रवाळ चुरा फटीतून निसटतो, शिवाय चटणी वाया जाते. सबब इडली निषिद्ध.

दुसरा उपप्रश्न सत्यासत्याचा. नव्या इंजिनाचा संगणक स्टार्टर फिरवण्याआधी गिअर 'पी' किंवा 'एन'मध्ये आहे का, ते पाहतो. टेम्पोला 'पी' कुठला? मग दोन वायरी जोडून त्याला कायमचा होकार ऐकवतात. या असत्याचं फळ असं, की गिअरमध्ये राहिलेला टेम्पो चावी फिरवताच पुढे उडी मारतो. त्या वायरी क्लच पेडलच्या स्विचवर नेल्या, तर असत्याचा दोष बराच कमी होतो.

निर्णय. इंजिन बसवावं, पण इंजिनाचा सौदा करण्याआधी क्रँकचं भोक मोजावं, आणि त्याच्याही आधी आरटीओची परवानगी घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ला द्वैत-अद्वैत कळत नाही. आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर एकच असावा, एवढंच त्याला कळतं.