आठाच्या पाढ्यातली हळद

भिवंडीत हळद लग्नापेक्षा मोठी असते. लग्नाला आलेले लोक अक्षता टाकतात, जेवतात आणि अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये शिरतात. हळदीला आलेले पहाटेपर्यंत हलत नाहीत. आमच्या आगरी गावांत मांडव, धवलारणीचे धवले आणि बेंजो या तिघांवर घराची अब्रू ठरायची. अलीकडे त्यात चौथा आला, बसवलेला नाच. पुतण्याच्या हळदीला तो मी बसवला.

माझी पात्रता म्हणाल, तर मी लूमच्या कारखान्यात मेहताजी. सूत किती आलं, कापड किती निघालं, हे लिहायचं. पण भगवानदादा गिरणी कामगाराचेच चिरंजीव, आणि 1951 च्या ‘अलबेला’त त्यांनी जागच्या जागी डोलून अख्ख्या देशाला ठेका धरायला लावला. म्हणजे कापडाचं आणि नाचाचं काहीतरी नातं असणार. एवढ्या पुराव्यावर मी वहिनीला शब्द दिला. ‘तेजाब’मधलं सरोज खान यांचं काम पाहून फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनाचं बक्षीसच सुरू केलं, हेही तिला ऐकवलं.

“बक्षीस नको भावजी,” ती म्हणाली, “व्याह्यांसमोर हसं झालं नाही तरी पुरे.”

तालमी शुक्रवारी. त्या दिवशी लूम बंद असतात, त्यामुळे गाणं ऐकू येतं. मोबाइलवरचे धडे बघून मला कळलं की नाच आठाच्या मोजणीत बसवायचा. मेहताजीला आणखी काय हवं? वहीत रकाने आखले: आठ आकडे वल्हं मारणं, आठ आकडे गिरकी, आठ आकडे टोपली डोक्यावर. मुली बिचाऱ्या गाणं लागलं की भलतीकडेच समेवर यायच्या आणि मी ओरडायचो, “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!” माझा ‘सेव्हन’ येईपर्यंत गाणं पुन्हा पहिल्या मात्रेवर गेलेलं असायचं, कारण बहुतेक कोळीगीतांसारखं तेही सहा मात्रांवर चालणारं. सहा आणि आठ यांचा लसावि 24. म्हणजे दर 24 मात्रांनी आमची आणि गाण्याची ओझरती गाठ पडायची. तेवढ्यात मी टाळी वाजवून म्हणायचो, “बघा, जमतंय!”

ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या आत्यानं एकदाच विचारलं, “बाला, नाचाचा हाय का हिशोब कराचा हाय?”

मी हसून सोडून दिलं.

दिशांचाही गोंधळ होता. मी मुलींकडे तोंड करून उजवा हात उचलायचो. निम्म्या मुली आपला उजवा उचलायच्या, निम्म्या माझ्यासमोरचा डावा. पहिल्या रांगेत वल्ह्यावर वल्हं आपटायचं. माझ्या वहीत याची नोंद ‘नवीन स्टेप’ अशी आहे.

हळदीच्या रात्री मोबाइल गेला आणि बेंजो आला. तीन मिनिटांचं गाणं बेंजोवाले तीन मिनिटांत कशाला संपवतील? वरून नोटा पडत होत्या. माझा नाच संपला, गाणं संपेना. मुली डोक्यावर टोपल्या धरून जागेवर उभ्या. नाचाला शेवट होता. मांडवाबाहेर पडायची वाट मी आखलीच नव्हती. खांबाआडून मी खुणा करत होतो, तर नवरदेवाच्या मामांना वाटलं मी पाणी मागतोय. त्यांनी बाटली पाठवली. शेवटी मी स्वतः मध्ये घुसलो आणि दोन्ही हातांनी कोंबड्या हाकलाव्यात तसं मुलींना हाकलू लागलो.

पब्लिकला ती स्टेप वाटली. पुढच्या रांगेतली पोरं हाकलू लागली, मग मागची. आत्यानं पदर खोचला, सहा मात्रांत दोन पावलं टाकली आणि तिच्यामागे सगळा मांडव वळला. त्या रात्रीच्या व्हिडिओत माझ्या वहीतली एकही स्टेप दिसत नाही. हाकलण्याची मात्र पुढच्या गल्लीतल्या हळदीतही झाली.

तुमच्या गळ्यात असं काम पडलंच, तर वहीआधी गाणं उघडा आणि त्याच्या मात्रा मांडीवर वाजवून बघा. चार-पाचच स्टेप घ्या आणि त्याच फिरवा. शिकवताना मुलींकडे पाठ करा. मांडवातून बाहेर कसं पडायचं, ते पहिल्याच दिवशी ठरवा. आणि घरात साठीपुढची आत्या असेल, तर कोरिओग्राफर नेमूच नका.