पहाटे चारचा सूर

दोन जर्मनी एक झाले त्या १९९० साली लाइपझिगच्या काही तरुणांनी एक बँड काढला आणि त्याला दिग्दर्शक फासबिंडरच्या १९६९च्या चित्रपटाचं नाव ठेवलं : ‘लव्ह इज कोल्डर दॅन डेथ’. प्रेम मरणाहूनही थंड! हे नाव आमच्याकडच्या वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीच्या हाती लागतं, तर खाली ‘हृदय हेलावणारं कौटुंबिक नाटक’ असं छापून लाखांदूरपर्यंत भिंती रंगल्या असत्या.

या मंडळींच्या संगीताला एथिरियल वेव्ह म्हणतात; ड्रीम पॉप त्याचं सख्खं भावंड. शब्द नीट कळू न देणं हा इथे गुण. स्कॉटलंडच्या कॉक्टो ट्विन्समधली एलिझाबेथ फ्रेझर नेमकं काय गाते, यावर रसिक आजही डोकं खाजवतात आणि वर खूश असतात. गिटारीचा सूर यंत्रांतून घोळवून त्याचे पडसाद काढायचे, नि त्या धुक्यात गळा सोडून द्यायचा. आमच्या भंडाऱ्याकडे त्यासाठी यंत्र लागत नाही. मंडईत, म्हणजे आमच्या गावजत्रेत, एक भोंगा चिंचेवर आणि दुसरा शाळेच्या भिंतीकडे तोंड करून बांधला, की शाहिराचा एकेक शब्द आपोआप तीनदा येतो.

फरक इतकाच, की खडी गंमत या आमच्या लोकनाट्याच्या शाहिराला शब्द असा धूसर झालेला मुळीच चालत नाही. भाऊबीज झाली, धान कापणीला आलं, की भंडाऱ्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्री गंमत उभी राहते. उभी म्हणजे खरोखर उभी. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, साथीदार, सगळे रात्रभर पायांवर. गण झाला, गौळण झाली, नाच्या लुगडं सावरत येऊन गेला, की समोरासमोर दोन शाहिरांची ‘दुय्यम’ नावाची जुगलबंदी रंगते. एकानं घातलेलं कोडं दुसऱ्यानं सोडवायचं. तिथे शब्द हरवला तर डावच हरला. शिवाय पुढच्या रांगेतला म्हातारा “काय म्हणला गा?” असं मोठ्यानं विचारतो ते वेगळंच.

लाइपझिगलाही मंडई आहे म्हणा. १९९२पासून तिथे पेन्टेकॉस्टच्या सुटीत काळ्या कपड्यांतले हजारो संगीतशौकीन जमतात. पण तिकडचा श्रोता धीराचा : या बँडचा एक स्टुडिओ अल्बम २००३ला आला आणि त्याच्या पुढचा २०१३ला. इकडे शाहिरानं लागोपाठ दोन मंडया चुकवल्या, की गाव दुसऱ्या पार्टीला बयाना देऊन मोकळं.

तरी अस्सल ड्रीम पॉप ऐकायचं तर जागा मंडईचीच, असं माझं मत आहे. वेळ पहाटे चारची. वैनगंगेकडून थंडी सरकत येते, पोरं तणसावर दुलईत गुरफटलेली, मोठ्यांच्या माना छातीवर. वग चालूच असतो. राजा कोण, प्रधान कोण, काही उमगत नाही, फक्त सूर कानात शिरतो. शब्द धूसर करायचं काम जर्मनीत ध्वनितंत्रज्ञ करतो, इथे श्रोता स्वतःच करून घेतो, तेही फुकट. मला तर वाटतं, त्या बँडला एकदा पवनीकडे रात्रभर बसवावं.

शाहिराला मात्र हे कौतुक सांगू नये. माना डुलू लागलेल्या दिसल्या, की तो डोळ्यानं खुणावतो आणि ढोलकीवर अशी थाप पडते की तणसावरची पोरं उठून बसतात. माइकवरून नाव पुकारून घ्यायला बक्षिसाची नोट घेऊन जो येतो, तो जागा माणूसच असतो.