लाल दिवा, काका, देवघरातला नव्हे!

अहो वहिनी, कढीपत्ता मागाहून तोडा, आधी इकडे या. आमचा बंड्या इंटरनेटच्या हेल्पलाइनचं काम घरूनच करतो ना, त्याच्या कानाला हेडफोन, म्हणून मला आपली एकच बाजू ऐकू येते, दुसरी तो मागाहून सांगतो. काल भर दुपारी ओरडला, "काका, लाल दिवा दिसतोय का? अहो, देवघरातला नव्हे, राउटरचा!" मी फोडणी टाकून धावले.

तो लाल दिवा लागला की समजायचं, वायरीतून उजेड येत नाहीये. हो, उजेडच! फायबरच्या वायरीत केसाएवढी काच असते म्हणे. करकचून दुमडली की उजेड वाटेतच सांडतो. एका बाईंनी ती सुतळीसारखी गुंडाळून खिळ्याला अडकवली होती. दुसरीने नातू बटणं दाबतो म्हणून राउटर लोखंडी कपाटात कोंडला, वर कुलूप! आणि तक्रार काय, तर रेंज येत नाही. लोखंडातून कशी यायची? तर म्हणे, "मग तुम्ही तिकडून जरा जोरात सोडा."

आणि बरं का, "प्लग लावलाय का?" असं विचारायची सोय नाही. माणसं चिडतात, न बघताच "हो" म्हणतात. म्हणून हा म्हणतो, "प्लग काढा, धूळ पुसा, परत लावा." जरा वेळ शांतता, मग पडेल आवाजात, "आलं हं." काढायला मुळात लावलेला हवा ना!

पण खरा घोळ शेवटच्या वाक्याने होतो. "अजून काही मदत करू शकतो का?" हे विचारावंच लागतं, बोलणं रेकॉर्ड होतं ना. आपल्याकडे असं विचारलं की लोक सांगतातच हो! एका आजी म्हणाल्या, "आज संकष्टी. नेट बंद, मी चंद्रोदय कुठे बघू?" बिचाऱ्याने बघून वेळ सांगितली. तर आजी म्हणतात, "ही तुमच्या पुण्याची झाली, आमच्या नागपूरची सांगा." बरोबरच आहे म्हणा, तिकडे चंद्र वीसेक मिनिटं आधी उगवतो. उपाशी माणसाला वीस मिनिटं म्हणजे काय, ते मला विचारा.

काय म्हणता? तुमचंही नेट सकाळपासून बंद? थांबा, बंड्याला हाक मारते. पण वहिनी, भावजींची ती ओली चादर तुम्ही नक्की कुठल्या तारेवर टाकलीत?