तेहतीस कोटींचा एकच प्रतिनिधी

इंग्लंडातल्या धर्मशिक्षण मंडळावर नव्याने नेमल्या गेलेल्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाची रांग लागलेली असते. आपल्या हातात कागदी ताटली, तोंडात मोदक. अशा वेळी कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, “कौन्सिलात आपल्या हिंदूंच्या वतीने बसायला कोणीतरी हवंय. वर्षाला तीनच मीटिंगा असतात. तुमचं नाव देतो.” तोंडात मोदक असल्याने नाही म्हणता येत नाही. आपली नेमणूक झाली, असे समजावे. माझी अशीच झाली. ज्यांची नुकतीच झाली आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पायरी १ : आपण कशात बसलो, ते जाणून घ्यावे

मंडळाचे पूर्ण नाव ‘स्टँडिंग अ‍ॅडव्हायझरी कौन्सिल ऑन रिलिजस एज्युकेशन’. एवढे म्हणेपर्यंत चहा निवतो, म्हणून सगळे ‘सॅक्रे’ म्हणतात. नावात ‘स्टँडिंग’ असले तरी सगळा वेळ बसूनच जातो.

१९४४ च्या शिक्षण कायद्यात असे मंडळ नेमणे कौन्सिलच्या मर्जीवर होते. १९८८ च्या कायद्याने ते सक्तीचे केले. आज इंग्लंडमध्ये अशी सुमारे दीडशे मंडळे आहेत. शाळांतले धर्मशिक्षण आणि रोजची सामूहिक उपासना या दोन बाबतींत कौन्सिलला सल्ला देणे, हे त्यांचे काम. ‘सल्ला’ हा शब्द नीट वाचावा. घरातल्या आजोबांना जो मान असतो तोच आपल्याला आहे: विचारल्याशिवाय काही करायचे नाही, आणि विचारल्यावर ते सांगतील तसे करायचेच, असेही नाही.

आता नवशिक्याला हमखास पडणारा प्रश्न. हे काम लंडनमध्ये बसून सरकार का करत नाही? गणित आणि इतिहास राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहेत. धर्मशिक्षण शाळेत सक्तीचे आहे, पण त्या अभ्यासक्रमात नाही. त्याचा ‘सहमतीचा अभ्यासक्रम’ प्रत्येक भागाने आपापला ठरवायचा असतो. म्हणजे अपूर्णांक देशभर एकच, देव मात्र कौन्सिलागणिक.

याचे मूळ जुन्या भाऊबंदकीत आहे. चर्च ऑफ इंग्लंड आणि बाकीचे प्रॉटेस्टंट पंथ शाळांवरून एकोणिसाव्या शतकभर भांडत होते. १८७० च्या कायद्याने तोडगा काढला: लोकांच्या कराच्या पैशावर चालणाऱ्या नव्या शाळांत कोणा एका पंथाची खास प्रश्नोत्तरी शिकवायची नाही. मग शिकवायचे तरी काय? ते गावातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे, असा प्रघात हळूहळू पडला. १९२४ चा केंब्रिजशरचा अभ्यासक्रम त्यातला नावाजलेला. १९४४ ने या प्रघाताचा कायदा केला. भांडण ख्रिश्चनांचे आपसातले होते. आपण वाटणी झाल्यावर आलेले पाहुणे. पण पाहुण्यालाही पाट मांडलेला आहे, हे विसरू नये.

पायरी २ : आपला पाट शोधावा

मंडळात चार गट असतात. ‘अ’ गटात चर्च ऑफ इंग्लंड सोडून उरलेले ख्रिस्ती पंथ आणि इतर सगळे धर्म: कॅथलिक, मेथडिस्ट, क्वेकर, मुस्लिम, शीख, ज्यू, बौद्ध आणि आपण. ‘ब’ गट एकट्या चर्च ऑफ इंग्लंडचा. ‘क’ शिक्षकांच्या संघटनांचा, ‘ड’ कौन्सिलचा. मत माणसाला नसते, गटाला असते, आणि गटाला एकच. आपल्या गटात डझनभर माणसे, शेजारच्या गटात तीन, मते सारखीच. आपल्या आठ पंथ-धर्मांचे आधी आपसात जुळायला हवे, तेव्हा कुठे आपले एक मत होते. सोसायटीच्या मीटिंगला ज्याने पाण्याच्या टाकीवरून एकमत होताना पाहिले आहे, त्याला हे जड जाणार नाही.

वेल्समध्ये मुळात गट तीनच होते. तिथल्या चर्चचे सरकारी स्थान १९२० मध्येच गेले, त्यामुळे ‘ब’ गटाची भानगडच नाही. तिथे आता विषयाचे नावही ‘धर्म, मूल्ये आणि नीतिशास्त्र’ असे आहे.

‘अ’ गटात देव न मानणाराही भेटेल. त्याच्याशी अदबीने वागावे. केंट कौन्सिलने एका मानवतावाद्याला या गटात घ्यायला नकार दिला होता. तो उच्च न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये तो नकार बेकायदा ठरला. देव न मानणाऱ्याला देवांच्या पंगतीत बसण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. आपण मोदक खाऊन आलो.

पायरी ३ : साहित्य

चष्मा. जाडजूड अजेंडा. गळ्यातला पास. पेन (कौन्सिलचे चालत नाही). बिस्किटे (कौन्सिलची, पण चालतात). सुरुवातीला ‘हितसंबंध जाहीर करा’ असा विषय येतो. “मला देवात रस आहे,” असा विनोद पहिल्याच बैठकीत करू नये. सगळ्यांनी आपापल्या पहिल्या बैठकीत तो केलेला असतो.

पायरी ४ : काय बोलू नये

“हिंदू हा धर्म नाही, ती जीवनपद्धती आहे,” हे वाक्य घरून निघतानाच काढून ठेवावे. मी ते बोललो. सचिवबाईंनी पेन थांबवून विचारले, “मग हे मी कोणत्या विषयाखाली लिहून घेऊ?”

तसेच, “आमच्याकडे शाळेत धर्म शिकवत नाहीत, तेच बरं,” असेही म्हणू नये. घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे खरे. त्यानुसार आम्ही शाळेत धर्म अजिबात शिकलो नाही. फक्त दर दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून, फुले वाहून, प्रसाद खाऊन घरी आलो. शेजारच्या बाकावरचा मित्र महिनाभर डबा का आणत नाही, हे मात्र दहावीपर्यंत कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. इथली नऊ वर्षांची मुलगी रोजा म्हणजे काय, ते नीट सांगते. ते पाहिल्यावर माझा आवाज जरा खाली आला.

पायरी ५ : पेटी उघडावी

प्रत्येक धर्माची एक प्लास्टिकची पेटी असते. शाळांना ती उसनी मिळते. आपल्या पेटीवर ‘हिंदू धर्म. सर्व वस्तू मोजून परत कराव्यात’ अशी चिठ्ठी असते. आत स्टीलचे ताम्हण, पितळी घंटा, निरांजन, कुंकवाची डबी, बोटाएवढा गणपती आणि उदबत्तीचा न फोडलेला पुडा. पुडा फोडायचा नसतो, धुराचा भोंगा वाजतो. निरांजन आहे, वात नाही. मी पहिल्याच भेटीत खिशातून कापूस काढून वात वळून दाखवली, तेव्हा शाळेतल्या बाईंनी मला हिंदू धर्माबद्दल पहिला प्रश्न विचारला: “हे कुठे मिळतं?”

पेटीबरोबर पाठही येतो. पाठ दिवाळीचा. दिवाळी म्हणजे राम अयोध्येला परतले, लोकांनी दिवे लावले. मुलांनी मातीची पणती करावी. इति.

इथे नवशिक्या हमखास घसरतो. मीही घसरलो. म्हटले, आमची दिवाळी अंधारात उटणे लावून कुडकुडत सुरू होते, पायाखाली कारीट फोडून. ते कारीट म्हणजे नरकासुर. पाडव्याला बळीराजा येतो. अंगणात मातीचा किल्ला असतो, त्यावर हळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि सगळ्यांत वर सिंहासनावर शिवाजी महाराज. राम आमच्याकडे चैत्रात येतात. मंडळी अवाक. एका नगरसेवकाने विचारले, “किल्ला? पाच हजार वर्षांपूर्वीचा?”

मग जाणवले की मी हिंदूंचा प्रतिनिधी म्हणून बसलोय आणि बोलतोय सदाशिव पेठेचा प्रतिनिधी म्हणून. माझ्या जागी गुजराती बेन असत्या तर चोपडापूजन सांगितले असते. बंगाली बाबू त्या रात्री कालीपूजेला गेले असते. आमच्यातल्या कोणासाठी पाठ बदलायचा?

उत्तर शिक्षकांच्या गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने दिले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि ‘हिंदू’ या शब्दाच्या आधी एकच शब्द लिहिला: ‘काही’. *काही* हिंदूंसाठी दिवाळी म्हणजे रामाचे परतणे. आणि खाली एक ओळ: इतर काही हिंदू वेगळ्या कथा सांगतात.

या खात्यातली सगळी विद्या या एका शब्दात आहे, हे नवशिक्याने गिरवून ठेवावे. ‘काही’ लिहिले की पाठ खरा होतो. ‘सगळे’ लिहिले की तो कोणाच्या तरी घरचा होतो.

पायरी ६ : ‘काही’ आपल्यावर उलटेल, तयारी ठेवावी

पुढच्याच बैठकीत जातीचा परिच्छेद आला. मी म्हटले, हा काढून टाकू. मुलांच्या मनात नको ते भरेल. माझ्या समोर बौद्धांच्या खुर्चीवर नागपूरचा एक गृहस्थ बसतो. त्याने बैठकीत एवढेच म्हटले की परिच्छेद सुधारावा, काढू नये. नंतर चहाच्या टेबलाशी तो मराठीत बोलला. “भाऊ, तुम्ही जात पुसली, तर माझ्या पाठातलं १९५६ पोरांना समजणार कसं? लाखो लोक १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर काय हवा पालटायला जमले होते?”

मी बिस्किटाकडे पाहिले. नवशिक्याने अशा वेळी बिस्किटाकडे पाहू नये, ते मदत करत नाही.

परिच्छेद राहिला. आम्ही दोघांनी मिळून तो पुन्हा लिहिला. एकाच राज्यातून आलेल्या दोघांना हे लिहायला इंग्लंडातल्या कौन्सिलच्या खोलीत यावे लागले, यावर दोघेही काही बोललो नाही.

पायरी ७ : वर्गात जावे

तपासायला नव्हे, तो अधिकार आपल्याला नाही. शाळेने बोलावले तरच जावे. एका मुलाने मला विचारले, “तुझा आवडता देव कोणता?” म्हटले, विठ्ठल. पेटीत तो नव्हता. “तो काय करतो?” म्हटले, उभा राहतो. एक भक्त आई-वडिलांची सेवा करत होता, त्याने देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितले. तेव्हापासून देव विटेवर उभा आहे. मुलगा विचारात पडला. “म्हणजे तो आपला नंबर यायची वाट बघतोय?”

रांगेत शांतपणे उभा राहणारा देव इंग्लिश मुलांना ताबडतोब पटतो, असा माझा अनुभव आहे. कोणी पाठ लिहिणार असेल तर वापरावा.

पायरी ८ : अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा

दर पाच वर्षांनी अभ्यासक्रमाचा फेरविचार करावा लागतो. त्यासाठी वेगळी परिषद बसते. गट तेच चार, पण इथे बहुमत चालत नाही. चारही गटांचे एकमत लागते. ही निवडणूक नव्हे, लग्नाची याद आहे: सगळे ‘हो’ म्हणेपर्यंत अक्षता पडत नाहीत. इथली धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती असल्याचे त्यात दिसायला हवे आणि इतर प्रमुख धर्मांची दखलही हवी, असे कायदा सांगतो. किती मुख्यतः आणि किती दखल, यावर आमची दोन वर्षे गेली. बर्मिंगहॅमने १९७५ च्या अभ्यासक्रमात कम्युनिझमलाही जागा दिली होती, तेव्हा झालेल्या गदारोळाची आठवण आमच्याकडचे एक ज्येष्ठ सदस्य दर बैठकीत काढतात. त्यांना काढू द्यावी.

पायरी ९ : आपला अधिकार किती, हे शेवटी मोजावे

आधी मोजल्यास कोणी सदस्य होणार नाही, म्हणून ही पायरी शेवटी. अ‍ॅकॅडमी म्हणवणाऱ्या शाळांना धर्मशिक्षण द्यावेच लागते, पण आपला अभ्यासक्रम पाळण्याचे बंधन नाही. आणि आता बहुतेक माध्यमिक शाळा अ‍ॅकॅडमीच आहेत. चर्चच्या अनुदानित शाळा आपापला शिकवतात. पालकांना मुलाला या तासातून काढून घेता येते. एखाद्या शाळेला उपासनेतल्या ‘मुख्यतः ख्रिस्ती’ या अटीतून सूट देणे, एवढा एक खराखुरा निर्णय आपल्या हातात आहे, तोही पाच वर्षांपुरता.

त्यातून मंडळाचेच काही खरे नाही. धर्मशिक्षण आयोगाने २०१८ मध्ये या मंडळांच्या जागी नवी स्थानिक सल्लागार जाळी सुचवली. नोव्हेंबर २०२५ च्या अभ्यासक्रम आढाव्याने हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणावा, अशी शिफारस केली. त्यात तथ्य आहे. देव कौन्सिलागणिक बदलू नये, हे पटण्यासारखे आहे. पण लंडनमध्ये एकदाच, उत्तम कागदावर लिहिला जाणारा पाठ ‘हिंदू असे करतात’ असाच लिहिला जाण्याची मला धास्ती वाटते. कारण तिथे चहाच्या टेबलाशी नागपूरचा माणूस नसेल.

फलश्रुती

चार वर्षांत माझ्या हातून एक वात, एक ‘काही’ आणि अर्धा परिच्छेद एवढे काम झाले. मानधन शून्य. तरी हे व्रत करावे, असेच सांगेन.

बैठका सर्वांना खुल्या असतात, तारखा कौन्सिलकडे मिळतात. एकदा मागच्या खुर्चीवर बसून पाहा. सदस्यांच्या यादीत ‘हिंदू’ या शब्दापुढे ‘जागा रिक्त’ लिहिलेले आढळले तर गणपतीची वाट पाहू नका, आपणहून कळवा. माझी मुदत या मार्चमध्ये संपते आहे, आणि पुढच्या फेरविचारात तो ‘काही’ खोडला जाऊ नये, म्हणून तिथे कोणीतरी बसलेले हवे.