हलकं होण्याचा खर्च

मनोरीत राहणाऱ्या माणसाला समुद्र शोधत कुठे जावं लागत नाही. उधाणाला तो आपणहून दारापर्यंत येऊन विचारपूस करून जातो. पण या समुद्राच्या पोटात काय आहे ते बघायचं म्हटलं की पंचाईत. खाडीचा गाळ, मुंबईने सढळ हाताने सोडलेलं सांडपाणी आणि भरती-ओहोटीची रोजची घुसळण. आमच्या पाण्यात डोळे उघडले काय, मिटले काय, दिसणार एकच. त्यामुळे उतारवयात स्कूबाचं वेड लागलेल्या मनोरीकराला घरचा समुद्र टाकून दुसऱ्याच्या समुद्रात बुडायला जावं लागतं. मालवण-तारकर्ली, जमलं तर मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, आणि बोनस मिळाला तर अंदमान.

या सगळ्या ठिकाणी पाणी कोमट, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं. कोमट पाण्याला जाड पोशाख लागत नाही, सामान आटोपशीर ठेवता येतं, असं जाणकार सांगतात. तसं हे खरंच आहे. पण आटोपशीर सामानाची किंमत आटोपशीर नसते, हे जाणकार शेवटी सांगतात.

माझ्या सामानाचा पहिला वजनकाटा विमानतळावर नाही, मनोरीच्या जेट्टीवर आहे. तिथून फेरीबोटीने मार्वे, मार्वेहून २७२ नंबरची बस, मालाड स्टेशन, लोकल, दादर, मग कोकण रेल्वेने कुडाळ. विमानवाले १५ किलोंवर हरकत घेतात. फेरीबोट स्कूटर, गॅसचं सिलिंडर, मासळीच्या पाट्या, सगळं विनातक्रार घेते. हरकत घेते ती जेट्टी. ओहोटीला तिच्या शेवाळलेल्या उतारावर चाकांची बॅग खाली सोडली तर ती मालकाच्या आधी बोटीत पोचते, किंवा खाडीत. शिवाय खास डायव्हिंगसाठी म्हणून मिळणारी चाकांची बॅग रिकामीच तीन-चार किलोंची असते. हलकं सामान वाहायला जड बॅग घ्यायची, हा हिशेब मला दुकानदाराने फार आदराने समजावला. त्याच उतारावरून डोक्यावर पाटी घेतलेली एखादी बाय, एका हातात मोबाइल धरून, माझ्या शेजारून तरातरा निघून जाते. तिच्या पाटीला चाकं नाहीत. मी कापडी पिशवी घेतली.

खरेदीची सुरुवात मास्कपासून. मास्क बसतो की नाही बघायची रीत सोपी आहे: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. चिकटून राहिला तर आपला. माझा राहीना. एकामागून एक मास्क गळून पडले. शेवटी विक्रेत्या पोराने चोरट्या नजरेने माझ्या मिशीकडे पाहिलं. मिशीच्या केसांतून पाणी आत झिरपतं, असं त्याचं शास्त्र. "काका, थोडी वरून तासली तरी चालेल." घरी हे सांगितल्यावर बायकोने लग्नापासून दाबून ठेवलेलं मत मोकळं केलं. सगळ्या खरेदीत फुकटात झालेलं वजन कमी करण्याचं काम एवढंच.

पुढचं सगळं ग्रॅमवर. साधं बीसीडी, म्हणजे ज्यात हवा भरून पाण्यात वरखाली होता येतं ते जाकीट, साडेतीन-चार किलोंचं असतं. प्रवासी बीसीडी दोन-अडीच किलोंचं, आणि ते उशीसारखं गुंडाळतं. वाचलेल्या प्रत्येक किलोला भाव आहे, आणि तो सुरमईपेक्षा बराच वर आहे. फिन्समध्ये दोन पंथ. मागून उघड्या फिन्स घेतल्या तर आत बूट हवेत, म्हणजे पुन्हा वजन. पूर्ण पायाच्या फिन्स हलक्या, पण अनवाणी घालाव्या लागतात आणि बोटीच्या शिडीवर पायांना टोचतं ते टोचतं. मी हलक्या घेतल्या. वेटसूट तीन मिलिमीटरचा. अठ्ठावीस अंशांना तो कशाला, असं वाटतं खरं, पण पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब पळवतं. तासाभराने दात वाजायला लागतात, आणि तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, असताना दात वाजवणं बरं नाही.

रेग्युलेटर मात्र भाड्याचा चालतो. पण तो तोंडात धरायचा असतो आणि आपल्याआधी तो कोणाच्या तोंडात होता, हा विचार मध्यमवर्गीय माणसाला पाण्याखालीही सोडत नाही. त्यावर फार स्वस्त तोड आहे: नुसता माउथपीस आपला न्यायचा, रबराचा, वजन नगण्य, प्लास्टिकच्या पट्टीने बसवायचा. माझं मत विचाराल तर मास्क, माउथपीस आणि मनगटावरचा कॉम्प्युटर एवढंच स्वतःचं असावं. बाकीचं तारकर्लीत भाड्याने मिळतं. पुण्याहून आलेली कॉलेजची पोरं टी-शर्टवर येतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बुडी मारून, मोबाइलमध्ये व्हिडिओ घेऊन, जेवायला वेळेवर परततात. त्यांच्या हातात सामान म्हणून फक्त चप्पल.

सगळी खरेदी ओट्यावर मांडली तेव्हा शेजारची मावशी पाहणीला आली. तिचं आयुष्य डोलजाळ्याच्या मासळीत गेलेलं. पाण्याच्या खाली माणसाने जाणं तिच्या लेखी अपघात. तिने जाकीट उचललं, वजन जोखलं, किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ती खाली बसली.

"आन आवऱ्यान तू बुरशील?"

"नाही मावशी. कमरेला शिसं बांधतात. ते तिकडे मिळतं."

"शिसं कला?"

"बुडायला."

मावशी जरा थांबली. मी समजावलं: सूटच्या रबरात हवेचे बुडबुडे असतात, तो तरंगतो; चरबी तरंगते; ॲल्युमिनियमची टाकीसुद्धा हवा संपत आली की वर ओढायला लागते. म्हणून खाली शिसं आणि वर हवेचं जाकीट, म्हणजे मध्ये कुठेही थांबता येतं. एका माणसाला हे समजायला वर्गात बसावं लागतं, पुस्तक वाचावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. मावशीला तेवढा वेळ लागला नाही.

"वर बोये, खाली शिसं. मानसाचं जालं केलंय."

तारकर्लीला प्रशिक्षकाने माझं वजन विचारलं, मी सांगितलं, त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पट्ट्यात आणखी एक शिशाची वडी ओवली. फार सभ्य मुलगा. तोंडाने काही बोलला नाही. पाठीवर चौदा किलोंची रिकामी टाकी, तिच्यात अडीच किलोंची हवा (हवेला वजन असतं, हे शाळेत शिकलेलं तिथे पाठीने कबूल केलं), कमरेला शिसं. हलकेपणावर मी जेवढे पैसे ओतले होते, ते सगळं हलकेपण त्याने एका वडीत परत घेतलं. पण पाण्यात उतरल्यावर जे काही घडतं त्यात या हिशेबाला जागा नाही. खडकावर बांगडीएवढे पट्टेरी मासे होते आणि मला माझा स्वतःचा हात दिसत होता. मनोरीकराला तेवढं पुरे.

परतीला सूट ओला. वजनात ओला सूट कोरड्याच्या भलताच पुढे जातो. विमानाने येणाऱ्यांना तरी लागोपाठच्या बुड्यांनंतर १८ तास जमिनीवर थांबावं लागतं, तेवढ्यात सूट वाळतो. माझी गाडी रात्रीची. कुडाळ ते मनोरी मी सिंधुदुर्गाचं पाणी वाहिलं. मावशीने वलांडीवर बोंबलांच्या शेजारी जागा करून दिली. रबराला ऊन चालत नाही, सावली हवी, असं म्हटलं तर म्हणाली, सावली पाहिजे तर बोंबलांच्या खाली टांग.

टांगला. पुढच्या खेपेला तारकर्लीच्या त्या सभ्य मुलाने सूट नाकाशी नेला आणि विचारलं, "काका, तुम्ही मुंबईचे ना?"